फ्रेंच क्रियापदाचे तुकडे नक्की पाडायचे कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बी-वन या फ्रेंचच्या मधल्या पातळीच्या परीक्षेची तयारी चाललीय, क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, लिहिताना फारसं चुकत नाही, पण बोलायला लागलं की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात. सोबत एक वाक्यही दिलंय, 'माझे आईवडील नाशिकला राहतात, ते मला रोज संध्याकाळी फोन करतात' याचं फ्रेंच, आणि ते स्वतः कसं म्हणता तेही: "मेस पारांत हाबितांत आ नाशिक, इल्स माप्पेलांत तू ले स्वार". वर विचारलंय की फोन करणे (appeler) या क्रियापदात कधी एक एल कधी दोन एल, हे लक्षात कसं ठेवायचं आणि सिलॅबल, म्हणजे एका स्वराभोवतीचे शब्दाचे तुकडे, मोजायचे कसे.

मी पुण्यात बावीस वर्षं फ्रेंच शिकवते आणि खरं सांगू का, हे वाक्य असंच म्हणणारी पोरं मला दर बॅचला भेटतात. व्याकरण शंभर टक्के बरोबर आणि कानाला मात्र भलतंच काहीतरी. कारण तक्ता हा डोळ्यांसाठी केलेला असतो आणि आपण तो तोंडाने वाचतो. 'बोलणे' हे क्रियापद घ्या, 'पार्ले', सगळ्यांचं पहिलं क्रियापद. मी, तू, तो आणि ते या चारही रूपांचं लिखाण बघितलं तर शेवटी कुठे ई, कुठे ई-एस, कुठे ई-एन-टी. बोलताना चारही ठिकाणी एकच आवाज: पार्ल. एकच सिलॅबल, त्यात एकच स्वर. 'आम्ही'चं पार-लॉं आणि 'तुम्ही'चं पार-ले, यांत दोन. म्हणजे सहा रूपांच्या तक्त्यात कानाला तीनच रूपं आहेत, आणि मूळ धातूरूप, भूतकाळी कृदंत आणि 'तुम्ही'चं रूप ही तिन्ही पुन्हा 'पार-ले'च. ई-एन-टी हे क्रियापदाच्या अनेकवचनाचं शेपूट असेल तर ते मुकं असतं, पूर्ण मुकं, 'आंत' नाही, 'अंत' नाही, 'एन्त'ही नाही. याला फ्रेंच लोकांचं एक लाडकं उदाहरण आहे: "ले पूल द्यु कूवां कूव", मठातल्या कोंबड्या अंडी उबवतायत. मठ आणि 'उबवतायत' हे दोन शब्द लागोपाठ येतात, स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं, सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी, पण नाम असलं की कू-वां, दोन सिलॅबल, आणि क्रियापद असलं की नुसतं कूव. (सापळा एकच: 'येणे' आणि 'धरणे'च्या घराण्यात 'तो येतो'च्या शेवटी आय-ई-एन-टी असतं, ते मात्र वाजतं, व्यँ असं, कारण तिथे ई-एन हा धातूचाच भाग आहे, शेपूट फक्त टी.)

पुढे जायच्या आधी, मी इथे देवनागरीत लिहितेय तर दोन गोष्टी पक्क्या करा. टी म्हणजे आपला त, ट नाही, आणि डी म्हणजे द. इंग्लिश मीडियमची पोरं सवयीने ट-ड म्हणतात आणि मग उच्चार इंग्रजी वाटतो. गावाकडून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांचा त-द पहिल्या दिवसापासून सुरेख असतो हे मी कित्येकदा बघितलंय. आणि अनुस्वार लिहिलाय तिथे नाकातून स्वर सोडून द्यायचा, शेवटी न किंवा ङ् लावून दार बंद करायचं नाही. 'पार्लॉन्ग' म्हणालात की संपलं. र घशातला असतो पण तो हळूहळू येईल, त्यासाठी अडून राहू नका, चुकीच्या र-मुळे कुणाचं बोलणं अडत नाही, एक सिलॅबल जास्त झाला की अडतं.

आता एल एक का दोन. हे पाठ करायची खरंच गरज नाही कारण हा नियम तुमच्या तोंडात जन्मापासून आहे. 'समज' म्हणा. स-मज. आता 'समजा' म्हणा. सम-जा! 'उघड' म्हणताना उ-घड, 'उघडा' म्हणताना उघ-डा. लिहिताना 'म' तोच, 'घ' तोच, पण पुढे काना लागला की मधला अ गिळला जातो आणि पुढे काही नसलं की तोच अ ठसठशीत वाजतो. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, मराठी व्याकरणाच्या तासाला कधी बोललंही जात नाही. फ्रेंचमध्ये अगदी हेच चालतं. हाक मारणे, फोन करणे: 'मी'चं रूप जा-पॅल, शेपूट मुकं असल्यामुळे पॅ हा शेवटचा स्वर झाला, आणि फ्रेंचमध्ये जोर कायम शेवटच्या वाजणाऱ्या स्वरावर पडतो, तिथे लेचापेचा अ चालत नाही, भक्कम ॲ लागतो. 'आम्ही'च्या रूपात शेपूट वाजतं, लॉं, जोर तिकडे सरकतो, मधला स्वर बिचारा अ होतो आणि बहुतेक वेळा गळूनच जातो: आप-लॉं. समज आणि समजा, दुसरं काही नाही. आता स्पेलिंगवाल्यांना तो भक्कम ॲ कागदावर दाखवायचा होता, त्यासाठी त्यांनी दोन युक्त्या वापरल्या, कुठे पुढचं व्यंजन डबल केलं आणि कुठे ई-वर डावीकडून उतरती मात्रा दिली. विकत घेणे या क्रियापदाला मात्रा मिळाली, जा-शॅत आणि आश-तॉं, फोन करणेला डबल एल मिळाला. आवाजाची गोष्ट तीच. १९९० च्या स्पेलिंग-सुधारणेत, जी त्या वर्षी ६ डिसेंबरला त्यांच्या सरकारी राजपत्रात छापून आली, असं सुचवलं की अशा सगळ्या क्रियापदांना मात्राच द्या, फक्त हाक मारणे आणि फेकणे ही दोन घराणी जुन्या डबलवर राहू द्या कारण लोकांना ती फार सवयीची आहेत. म्हणजे नेमकं तुम्ही विचारलेलं क्रियापदच अपवादात राहिलं, काय करणार.

आणि हे डबल एल बघून 'आप्पॅल्ल' म्हणू नका हं! पक्का, कच्चा, गल्ली म्हणणारी आपण माणसं, जोडाक्षर दिसलं की दाबतोच. फ्रेंचमध्ये डबल व्यंजन जवळजवळ नेहमी एकाच व्यंजनासारखं वाजतं. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर दोन पी-च्या मधे डॅश देतात, त्यावरून काही जणांना वाटतं की आप-पॅल असा उच्चार असणार. ते छापखान्याचं तोडणं आहे, तोंडाचं तोडणं आ-पॅल. अपवाद आहे आणि तो मजेदार आहे: धावणे आणि मरणे या क्रियापदांत 'तो धावत होता' म्हणजे कू-रॅ, आणि 'तो धावला असता' म्हणजे कूर-रॅ, इथे दोन आर खरंच लांबवतात, कारण नाहीतर दोन काळांत फरकच राहणार नाही.

हे जोराचं प्रकरण एकदा कळलं की निम्मे 'अनियमित' तक्ते सुटतात. लॅटिनमध्ये जोर कधी धातूवर कधी प्रत्ययावर पडायचा, जोर पडलेला स्वर एका वाटेने बदलला आणि न पडलेला दुसऱ्या वाटेने, आणि तो फरक आजही मी-तू-तो-ते एका बाजूला आणि आम्ही-तुम्ही दुसऱ्या बाजूला असा दिसतो. पिणे: ब्वा, पण आम्ही ब्यु-वॉं. मरणे: मर (ओठ गोल करून), पण मू-रॉं. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रेम करणे'सुद्धा असंच होतं, मी एम आणि आम्ही आमॉं, पुढे लोकांनी ते एकसारखं करून टाकलं.

बरं, मग तो आणि ते सारखेच वाजत असतील तर ऐकणाऱ्याला कळतं कसं? 'बोलणे'च्या गटात खूपदा कळत नाहीच, मागचंपुढचं बघून समजून घेतात. पण बाकीच्या गटांत बहुतेकदा एक खूण असते: अनेकवचनात शेवटी एक व्यंजन ऐकू येतं, एकवचनात नाही. तो विकतो, वां. ते विकतात, वांद. तो संपवतो, फि-नी. ते संपवतात, फि-नीस. तो झोपतो दॉर, ते झोपतात दॉर्म. आणि येणे-घेणेमध्ये तर गंमत अशी की व्यंजन आलं की नाकातला स्वर साधा होतो: तो येतो व्यँ, ते येतात व्यॅन, तो घेतो प्रां, ते घेतात प्रॅन. सिलॅबल मात्र दोन्हीकडे एकच! आपली पोरं अनेकवचन म्हटलं की सवयीने एक सिलॅबल वाढवतात, कारण लिहिताना शेपूट लांब होतं. फ्रेंच अनेकवचन लांबत नाही, फक्त दार लावून घेतं.

दुसरी खूण शब्दांच्या जोडावर असते. फ्रेंचमध्ये सिलॅबल शब्दाची हद्द पाळत नाहीत. 'तो प्रेम करतो' मध्ये तो म्हणजे इल आणि क्रियापद ॲम, पण म्हणायचं इ-लॅम, ल पुढे ढकलून. 'ते प्रेम करतात' मध्ये 'ते'चा मुका एस जागा होतो आणि ज़ होऊन पुढच्या स्वराला चिकटतो: इल-ज़ॅम. (हा ज़ म्हणजे झेब्राचा, जहाजाचा नाही.) नवशिके 'इल्स' म्हणतात, तुम्हीही म्हणताय, ते बंद. एस एकतर मुका, नाहीतर पुढच्या शब्दाचा.

याची मी स्वतः चांगली किंमत मोजलीय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शाळेची मुलं घेऊन फ्रान्सला गेले होते, एका घरी आम्ही चौघं उतरलो, दिवसभर पायपीट झालेली, पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते. यजमानीण बाईंना मी म्हणाले की यांना भूक लागलीय. फ्रेंचमध्ये 'त्यांना भूक आहे', इल-ज़ॉं फँ. मी थकव्यात ज़ च्या ऐवजी स म्हणाले, इल-सॉं फँ. त्याचा अर्थ होतो 'ते सडपातळ आहेत', कारण भूक आणि बारीक हे दोन्ही शब्द फँ असेच वाजतात. बाई पोरांकडे कौतुकाने बघून म्हणाल्या, हो ना, छानच आहेत. आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. पुढचा पाऊण तास काही मिळालं नाही.

प्रश्न विचारताना उलट क्रम केला की आणखी एक जोड लागतो, आणि इथे आपला त कामाला येतो. तो बोलतो का, पार्ल-तील. ते बोलतात का, तेही पार्ल-तील. पहिल्यात त उसना घेतलेला, मधे डॅश देऊन लिहितात, दुसऱ्यात तो ई-एन-टी मधला झोपलेला टी जागा झालाय. तो घेतो का, प्रां-तील, इथे लिहिलेला डी सुद्धा त म्हणून वाजतो. द म्हणायचा नाही.

आता कुणीतरी म्हणेल की मॅडम, गाण्यात तर शेवटचा ई ऐकू येतो. येतो. 'फ्रॅर जाक' आठवा, शाळेत सगळ्यांनी म्हटलेलं असतं. बोलताना भाऊ म्हणजे फ्रॅर, एक सिलॅबल, गाण्यात मात्र फ्रॅ-र जा-क असे चार सूर. जुन्या छंदातही तसंच मोजतात. रासीनच्या १६६७ च्या 'आंद्रोमाक' नाटकातली सापांची प्रसिद्ध ओळ आहे, "पूर की सॉं से सॅरपां की सिफ्ल स्युर व्हो तॅत", तुमच्या डोक्यावर फुत्कारणारे हे साप कुणासाठी. ओळ बारा सिलॅबलची. बोलल्यासारखी मोजलीत तर अकराच भरतात, कारण 'फुत्कारतात' हे क्रियापद, सिफ्ल, बोलताना एक सिलॅबल आहे. छंदात ते सि-फ्ल असं दोन करून मोजायचं, म्हणजे एरवी मुकं असलेलं ई-एन-टी इथे 'अ' एवढं वाजतं, तरीही 'आंत' नाहीच. आपल्याकडे वेगळं काय आहे? "प्रभाते मनी राम चिंतीत जावा" म्हणा. बोलताना राम म्हणजे राम्, चिंतीत म्हणजे चिंतीत्. मनाचे श्लोक म्हणताना मात्र रा-म, चिं-ती-त, आणि तेव्हाच बारा अक्षरं भरतात, योगायोगाने तीही बाराच. लहानपणी आजीसमोर बसून म्हटलेल्या माणसाला फ्रेंच छंद समजायला दोन मिनिटं लागतात, मी हे वर्गात करून बघितलंय. आणि दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूझ-मार्सेयकडे, लोक रोजच्या बोलण्यातही तो शेवटचा अ हलकेच म्हणतात, तेव्हा तिकडचा माणूस पार-ल म्हणाला तर तुमचं शिकलेलं चुकलं असं समजू नका.

हा अ बोलताना कधी गाळायचा, कधी ठेवायचा यावर मोरिस ग्रामॉं या भाषाशास्त्रज्ञाचा तीन व्यंजनांचा नियम सांगतात, तो ढोबळ आहे पण कामाचा: अ गाळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळत असतील तर गाळू नका. 'मी देईन', दॉन-रे, दोन सिलॅबल, न आणि र दोनच व्यंजनं, सुखाने गळतो. 'मी बोलेन', पार-ल-रे, तीन सिलॅबल, कारण अ काढला तर र-ल-र असा गोळा तोंडात येतो. भविष्यकाळाची बहुतेक रूपं अशी तपासून बघा, पाठ करण्यापेक्षा तोंडानेच उत्तर मिळतं.

आय-ओ-एन-एस आणि आय-ई-झेड यांच्याबद्दल पटकन: आय सहसा पुढच्या स्वरात विरघळून य होतो, 'आम्ही अभ्यास करतो' म्हणजे ए-त्यु-द्यॉं, तीन. पण त्याआधी ब्ल, क्र, त्र असं ल किंवा र संपलेलं जोडाक्षर असेल तर आय स्वतःचा सिलॅबल सोडत नाही: 'आम्ही विसरतो' ऊ-ब्लि-यॉं, 'आम्ही ओरडतो' क्रि-यॉं. ब्ल्यॉं म्हणून बघा, जीभच वळणार नाही. आणि 'आम्ही करतो', जिथे ए-आय लिहितात, तिथे ते ए वाजतच नाही, फ-ज़ॉं असं असतं, फे-ज़ॉं म्हणणारे बी-टू पास झालेलेही मी बघितलेत. 'जवळ असणे'चं (avoir) भूतकाळी कृदंत, ई-यू लिहितात, ते नुसतं यु, एकच स्वर, ओठ शिट्टी मारल्यासारखे करून ई म्हणा.

ए-आय आणि ए-आय-एस मधला फरक, म्हणजे 'मी बोलेन' पार-ल-रे आणि 'मी बोललो असतो' पार-ल-रॅ, हा पुस्तकात ठळक असतो पण पॅरिसमधल्या कितीतरी माणसांच्या तोंडी तो आता उरलेला नाही, दोन्ही रॅ. तुम्ही परीक्षेसाठी ठेवा, पण ऐकताना त्यावर विसंबू नका.

कॅनडाच्या पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) टेफ ही फ्रेंचची परीक्षा देणारे हल्ली माझ्याकडे बरेच येतात, त्यांच्यासाठी एक: क्युबेकमध्ये ई आणि यु या स्वरांच्या आधी त चा त्स आणि द चा द्ज़ होतो. 'तू म्हणतोस' पॅरिसला त्यु दी, माँट्रियलला त्स्यु द्ज़ी. सिलॅबल तेवढेच राहतात. आपल्या चमच्यातला च म्हणजे जवळपास त्सच, तेव्हा मराठी माणसाला हे ऐकून दचकायचं कारण नाही.

आता तुमचं वाक्य. टाळी वाजवत म्हणा, एक स्वर एक टाळी, आणि मी वर्गात करून घेते तसं मागून सुरू करा, म्हणजे शेवटच्या जोराची जागा आपोआप बसते. स्वार. ले-स्वार. तू-ले-स्वार. मा-पॅल-तू-ले-स्वार. इल-मा-पॅल-तू-ले-स्वार. झालं ना, सहा टाळ्या, तुम्ही 'इल्स माप्पेलांत तू ले स्वार' मध्ये सात वाजवत होतात. पहिला भाग: मे-पा-रां, इथे थोडं थांबा, एस जोडायचा नाही, कर्ता नाम असला की बोलताना तो जोड लावत नाहीत. मग आ-बि-ता-ना-शिक. एच मुका आहे, आणि 'राहतात'चं आबित हे त वर संपतं, तो त पुढच्या 'ला'च्या आ ला जाऊन चिकटला, म्हणून बि-ता. तुमच्या 'हाबितांत आ'मध्ये चार टाळ्या होत्या, इथे तीन. मे-पा-रां, आ-बि-ता-ना-शिक, इल-मा-पॅल-तू-ले-स्वार. तीन, पाच, सहा.

यात एक गोष्ट लक्षात आली का, 'तो मला फोन करतो' आणि 'ते मला फोन करतात' दोन्ही इल-मा-पॅल. म एकदा मधे आला की ज़ ला जागाच नाही. एकटे बाबा फोन करतात का दोघं मिळून, हे आधीच्या मे-पा-रां वरूनच कळणार, तेव्हा ते तीन सिलॅबल गिळू नका, रां नीट नाकात सोडा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, एकदा सावकाश आणि एकदा भरभर, आणि टाळ्या चौदाच येतायत का ते बघा. पंधरा आल्या तर बहुतेक वेळा 'पॅल'च्या मागे एक अ राहिलेला असतो.